घरातल्या नॅसला कायमचा आयपी पत्ता कसा द्यावा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी क्रमवार माहिती

नवे नॅस, म्हणजे घरातल्या सर्व उपकरणांना एकत्र वापरता येणारी डिस्कची साठवणपेटी, घरी आणून राउटरला जोडले, संगणकावर त्याचा ड्राइव्ह दिसू लागला आणि टीव्हीवर घरातले फोटो उघडू लागले, की काम झाले असे वाटते. पुढे एखाद्या दिवशी वीज जाऊन येते आणि त्या ड्राइव्हवर लाल फुली दिसते, टीव्हीला फोल्डर सापडत नाही, स्कॅनरने पाठवलेली पाने कुठेच पोहोचत नाहीत. नॅस मात्र चालू असते, दिवे हिरवे असतात आणि डिस्कनाही काही झालेले नसते. अशा वेळी बरेच जण नॅस पुन्हापुन्हा बंद-चालू करतात किंवा सगळी मांडणी नव्याने करायला बसतात, आणि मूळ कारण, म्हणजे नॅसचा बदललेला आयपी पत्ता (घरातल्या जाळ्यावर उपकरण ज्या क्रमांकाने सापडते तो), तसेच राहते. हा पत्ता एकदा ठरवून दिला की हा त्रास संपतो. काम फार मोठे नाही. पण त्यात काही जागा अशा आहेत की तिथे चुकीचा आकडा भरला तर नॅसपर्यंत पोहोचणेच बंद होते, म्हणून खाली दिलेला क्रम पाळावा.

माझे मत सुरुवातीलाच स्पष्टपणे मांडून ठेवणे बरे. पत्ता ठरवण्याचे काम शक्यतो राउटरमध्ये करावे, नॅसमध्ये करू नये. नॅसमध्ये हाताने पत्ता लिहिण्याची पद्धतही पुढे दिली आहे, परंतु ती दुसरा पर्याय उरला नसेल तेव्हासाठी आहे. यामागची कारणे त्या त्या पायरीत येतील.

एक सूचना: या लेखात सर्व पत्ते देवनागरी अंकांत लिहिले आहेत. राउटरच्या किंवा नॅसच्या पानावर भरताना ते इंग्रजी अंकांतच भरावेत.

१. कोणता ‘स्थिर पत्ता’ हवा आहे ते आधी नीट समजून घ्या

इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन करून ‘मला स्टॅटिक आयपी हवा आहे’ असे सांगितले, तर तो एका वेगळ्याच सेवेचे दर सांगेल. ती सेवा म्हणजे तुमच्या घराला इंटरनेटवर मिळणारा सार्वजनिक पत्ता कायम ठेवण्याची. आपल्याला इथे हवा आहे तो घराच्या आतला पत्ता. तो तुमच्याच राउटरने तुमच्याच उपकरणाला द्यायचा असतो आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. या दोन पत्त्यांची गल्लत करून विनाकारण दरमहा पैसे भरणारे लोक असतात, म्हणून ही पायरी पहिली ठेवली आहे.

घराच्या आतले पत्ते ओळखणे सोपे आहे. १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार खासगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत: १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते. घरगुती राउटर बहुधा तिसरा पट्टा वापरतात. हे पत्ते लाखो घरांत तेच ते असतात आणि तरीही गोंधळ होत नाही, कारण ते घराबाहेर जातच नाहीत.

२. हाताशी काय काय हवे

• राउटरच्या नियंत्रण पानाचा पासवर्ड. वायफायचा पासवर्ड आणि हा पासवर्ड वेगळे असतात. तो बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर असतो. स्थानिक केबलचालकाने राउटर बसवला असेल तर पासवर्ड त्याने बदललेला असण्याची शक्यता असते. तसे असल्यास त्याच्याकडून मागून घ्यावा.
• नॅसच्या प्रशासक खात्याचे नाव आणि पासवर्ड.
• लॅन केबलने राउटरला जोडता येईल असा एक संगणक. सर्व कामे फोनवरून करता येतात, पण अडचण आली तर केबल आणि संगणक यांशिवाय सुटका होत नाही.
• एक जास्तीची लॅन केबल.
• कागद आणि पेन. आकडे पडद्यावरच्या फाइलमध्ये लिहून ठेवले आणि ती फाइल नॅसवरच असली, तर अडचणीच्या वेळी तिचा काहीच उपयोग होत नाही.

नॅसवर कोणी फाइली चढवत असेल किंवा बॅकअप चालू असेल, तर तो पूर्ण होईपर्यंत थांबावे.

३. पत्ता का बदलतो

राउटरमध्ये डीएचसीपी नावाची यंत्रणा असते. नॅस सुरू झाले की ते जाळ्यावर ‘मला पत्ता द्या’ अशी हाक देते, राउटर त्याच्याकडच्या ठरावीक पट्ट्यातला एक मोकळा पत्ता देऊ करतो, नॅस तो स्वीकारते आणि राउटर त्याची नोंद करतो. हा पत्ता कायमचा दिलेला नसून ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो. या मुदतीला लीज म्हणतात. लीज २४ तासांची असेल तर १२ तास झाल्यावर नॅस त्याच राउटरकडे मुदतवाढ मागते. उत्तर मिळाले नाही तर २१ तासांनंतर ते जाळ्यावरच्या कोणत्याही डीएचसीपी यंत्रणेकडे मागणी करू लागते. राउटर आणि नॅस दोन्ही अखंड चालू असतील तर मुदतवाढ मिळत राहते आणि पत्ता महिनोन्महिने तोच राहतो. म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत काहीच बिघडत नाही आणि पत्ता कायमचाच आहे असा समज होतो.

वीज गेली की चित्र बदलते. अनेक घरगुती राउटर वाटलेल्या पत्त्यांची यादी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात आणि ती पुसली जाते. वीज परत आल्यावर फोन, टीव्ही आणि लॅपटॉप नॅसच्या आधी जागे होतात, कारण नॅसला डिस्क फिरवून तयार व्हायला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात नॅसचा जुना पत्ता दुसऱ्या कोणाला तरी देऊन झालेला असतो. राउटर इन्व्हर्टरवर आणि नॅस साध्या विजेवर असेल, किंवा याच्या उलट असेल, तरी असाच प्रकार होऊ शकतो. आणखी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: नॅसचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर त्याचा अर्थ असा की पत्ता मागितला तेव्हा राउटरकडून उत्तरच आले नाही आणि नॅसने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. अशा वेळी आधी केबल आणि राउटर तपासावा.

४. घरात पत्ते वाटणारा राउटर नेमका कोणता आहे ते शोधा

बहुतेक घरांत आता फायबरचे कनेक्शन असते. कंपनीने बसवलेली पेटी स्वतःच राउटर असते आणि तिच्यापुढे घरच्या माणसांनी वायफाय चांगले मिळावे म्हणून आणखी एक राउटर जोडलेला असतो. दोघेही पत्ते वाटत असतील तर घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. उदाहरणार्थ, कंपनीच्या पेटीचे जाळे १९२.१६८.१ चे आणि तुमच्या राउटरचे १९२.१६८.० चे. नॅस कंपनीच्या पेटीला आणि टीव्ही तुमच्या राउटरला जोडलेला असेल, तर नावाने शोधल्यावर नॅस सापडत नाही; आणि उलट्या बाजूने, म्हणजे पेटीला जोडलेल्या उपकरणावरून तुमच्या राउटरमागच्या उपकरणाकडे, जाताच येत नाही. चुकीच्या राउटरमध्ये कितीही काळजीपूर्वक नोंद केली तरी तिचा नॅसवर परिणाम होत नाही, हा या कामातला सर्वांत वेळखाऊ सापळा आहे.

शोधण्याची रीत अशी आहे. विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी आणि तिच्यापुढे एक जागा सोडून तिरक्या दांडीसह ‘ऑल’ हा शब्द लिहावा. येणाऱ्या यादीत ‘डीफॉल्ट गेटवे’ आणि ‘डीएचसीपी सर्व्हर’ या दोन ओळी पाहाव्यात, त्यांत राउटरचा पत्ता असतो. ॲपलच्या मॅक संगणकावर सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात चालू असलेल्या जोडणीचे तपशील आणि त्यात टीसीपी-आयपी हे पान उघडले की राउटरचा पत्ता दिसतो. हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यावर ज्या राउटरचे पान उघडते, तो तुमच्या संगणकाला पत्ता देणारा राउटर होय. जिओफायबरच्या पेटीचा पत्ता सामान्यतः १९२.१६८.२९.१ असतो, टीपी-लिंक आणि डी-लिंक यांच्या बऱ्याच राउटरचा १९२.१६८.०.१ असतो, इतर अनेकांचा १९२.१६८.१.१ असतो. मात्र पाठांतरावर विसंबू नये, संगणक जे दाखवेल तेच खरे मानावे.

दोन जाळी असल्याचे आढळले, तर पुढे जाण्याआधी ती एक करावीत. सोपा उपाय म्हणजे नॅस आणि नॅस वापरणारी सर्व उपकरणे एकाच राउटरला जोडणे. दुसरा उपाय म्हणजे तुमचा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये ठेवणे, मग तो फक्त वायफाय पुरवतो आणि पत्ते कंपनीची पेटीच वाटते. तसे केल्यास पुढची नोंद पेटीमध्ये करायची आहे, हे विसरू नये. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गेस्ट वायफायवरून नॅस दिसत नाही, कारण ते जाळे मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. टीव्ही चुकून त्यावर जोडलेला नाही ना, तेही इथेच पाहून घ्यावे.

५. पत्त्यांचा पट्टा पाहा आणि नॅससाठी आकडा निवडा

राउटरच्या पानावर ‘लॅन’ किंवा ‘डीएचसीपी सर्व्हर’ या भागात सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता दिलेला असतो. यालाच पूल म्हणतात. समजा, राउटर १९२.१६८.०.१ वर आहे आणि पूल १९२.१६८.०.१०० ते १९२.१६८.०.१९९ असा आहे. पुढची सर्व उदाहरणे मी याच आकड्यांवर दिली आहेत. तुमच्याकडचे पहिले तीन भाग वेगळे असतील तर तेच ठेवावेत आणि फक्त शेवटचा भाग बदलावा.

काही राउटरमध्ये पूल २ पासून २५४ पर्यंत पसरलेला असतो, म्हणजे वाटपाबाहेर एकही पत्ता शिल्लक नसतो. तसे असल्यास सुरुवातीचा पत्ता १०० करावा. त्यामुळे २ ते ९९ हे आकडे तुमच्या हातात राहतात आणि घरातल्या फोन-लॅपटॉपना शंभराहून अधिक पत्ते मोकळे राहतात. हा बदल जतन केल्यावर राउटर काही क्षण बंद होऊन पुन्हा चालू होऊ शकतो.

नॅससाठी १९२.१६८.०.२० हा पत्ता घेऊ. तो आधीच कोणी वापरत नाही ना, हे पाहण्यासाठी संगणकावरून त्या पत्त्यावर ‘पिंग’ करावे, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ ही आज्ञा आणि एक जागा सोडून तो पत्ता लिहावा. उत्तर आले तर पत्ता वापरात आहे. उत्तर आले नाही म्हणून तो मोकळाच आहे असे मात्र मानू नये, कारण विंडोजचे संगणक आणि काही उपकरणे पिंगला उत्तर देत नाहीत. पिंग केल्यावर लगेच ‘एआरपी’ ही आज्ञा आडव्या रेघेसह ‘ए’ जोडून द्यावी. येणाऱ्या यादीत तुम्ही निवडलेल्या पत्त्यासमोर एखादा मॅक पत्ता (उपकरणाचा बारा चिन्हांचा क्रमांक, पुढची पायरी पाहा) दिसला, तर तिथे कोणीतरी आहे आणि दुसरा आकडा घ्यावा.

६. नॅसचा मॅक पत्ता मिळवा

राउटर नॅसला त्याच्या नावाने ओळखत नाही. तो ओळखतो मॅक पत्त्याने, म्हणजे प्रत्येक लॅन पोर्टला कारखान्यातच दिलेल्या बारा चिन्हांच्या क्रमांकाने. ही चिन्हे दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहिलेली असतात आणि पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणारी कंपनी कळते. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजी या कंपनीच्या अनेक उपकरणांचा मॅक पत्ता ००:११:३२ ने सुरू होतो, त्यामुळे राउटरच्या यादीतून ते पटकन हुडकता येते.

सिनॉलॉजीच्या नॅसवर कंट्रोल पॅनेल, त्यात इन्फो सेंटर आणि त्यात नेटवर्क या पानावर हा क्रमांक मिळतो. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या नॅसवर तो कंट्रोल पॅनेलमधल्या सिस्टिम स्टेटसमध्ये असतो. नॅसचा सध्याचा पत्ताच माहीत नसेल आणि त्यामुळे त्याचे पान उघडता येत नसेल, तर सिनॉलॉजीसाठी ब्राउझरमध्ये ‘फाइंड डॉट सिनॉलॉजी डॉट कॉम’ उघडावे आणि क्यूनॅपसाठी ‘क्यूफाइंडर प्रो’ हे साधन संगणकावर घ्यावे.

उतरवताना घाई करू नये. या क्रमांकात शून्य ते नऊ हे अंक आणि इंग्रजीतली ए ते एफ एवढीच अक्षरे येतात. म्हणजे लेबलवर ‘ओ’ सारखे दिसणारे प्रत्येक चिन्ह शून्यच असते, आणि ‘आय’ किंवा ‘एल’ सारखे दिसणारे चिन्ह म्हणजे ‘एक’ हा अंक असतो. आठ आणि ‘बी’ यांची गल्लत मात्र खरोखरच होते, कारण दोन्ही चिन्हे चालतात; बारीक छपाईच्या लेबलवरून वाचण्यापेक्षा पडद्यावरून कॉपी करून चिकटवणे केव्हाही चांगले.

नॅसला दोन लॅन पोर्ट असतील तर मॅक पत्तेही दोन असतात. ज्या पोर्टमध्ये केबल लावली आहे त्याचाच क्रमांक घ्यावा आणि त्या पोर्टवर खूण करून ठेवावी. पुढे साफसफाई करताना केबल काढून शेजारच्या पोर्टमध्ये लावली गेली, तर राउटरच्या दृष्टीने ते एक नवेच उपकरण ठरते आणि त्याला भलताच पत्ता मिळतो.

७. राउटरमध्ये पत्ता राखून ठेवा

आता मुख्य काम. राउटरच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’, ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’, ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ यांपैकी एखाद्या नावाचा भाग शोधावा. टीपी-लिंकच्या बहुतेक राउटरमध्ये तो ॲडव्हान्स्ड, नेटवर्क, डीएचसीपी सर्व्हर या क्रमाने सापडतो. डेकोसारख्या मेश संचात (एकत्र काम करणाऱ्या अनेक वायफाय पेट्यांत) तो फोनवरच्या ॲपमध्ये ॲडव्हान्स्ड या भागात असतो. ‘ॲड’ हे बटण दाबून मॅक पत्ता आणि १९२.१६८.०.२० हा आयपी पत्ता भरावा, वर्णनाची जागा असेल तर तिथे ‘नॅस, लॅन १’ असे लिहावे आणि जतन करावे. काही राउटर मॅक पत्त्यातल्या जोड्यांमध्ये विसर्गासारखे दिसणारे कोलन हे चिन्ह मागतात, तर काही आडवी रेघ मागतात. नोंद नाकारली गेली तर आधी हे बदलून पाहावे.

काही राउटर राखीव पत्ता पुलाच्या आतलाच असावा असा आग्रह धरतात. तसे असेल तर १९२.१६८.०.१२० घ्यावा. यात धोका नाही, कारण राखून ठेवलेला पत्ता राउटर दुसऱ्या कोणाला देत नाही. सोसायटीच्या नोंदवहीत पार्किंगची जागा एकदा तुमच्या नावे लिहिली की गाडी बाहेर असली तरी ती जागा दुसऱ्याला मिळत नाही, तसेच हे आहे. नोंदवही एकच आणि ती ज्याच्याकडे वाटपाचे काम आहे त्याच्याकडे, म्हणूनच मी ही पद्धत आधी सुचवतो.

राखीव नोंदी राउटरच्या कायमच्या स्मृतीत जातात, त्यामुळे वीज गेली तरी त्या राहतात. राउटर मागच्या बारीक छिद्रात पिन घालून मूळ स्थितीत आणला, तर मात्र त्या पुसल्या जातात. राउटरमध्ये मांडणीची प्रत काढून ठेवण्याची सोय असेल तर याच वेळी ती प्रत संगणकावर उतरवून घ्यावी.

घरातले सीसीटीव्ही कॅमेरे नॅसवर चित्रण साठवत असतील, तर त्यांचेही पत्ते याच बैठकीत राखून ठेवावेत, कारण तिथे कॅमेऱ्याचा पत्ता नॅसमध्ये नोंदवलेला असतो आणि तो बदलला की चित्रण थांबते. प्रिंटर-स्कॅनरचेही तसेच. फोनसाठी पत्ता राखताना एक अडचण येते: अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक पत्ता न दाखवता बनवलेला पत्ता दाखवतात. फोनला कायमचा पत्ता देण्याची गरज क्वचितच असते, तेव्हा ते सोडून द्यावे.

८. नवा पत्ता लागू करा आणि दोनदा तपासा

नोंद केली तरी नॅस जुना पत्ता लगेच सोडत नाही. लीजची मुदतवाढ मागेपर्यंत तो चालू राहतो. नॅस त्याच्या स्वतःच्या मेनूमधून रीस्टार्ट करावे. प्लग खेचून बंद करू नये, त्याने डिस्कवरच्या माहितीला धोका पोहोचतो. नॅस पुन्हा उभे राहिले की ब्राउझरमध्ये नव्या पत्त्यापुढे कोलन देऊन पोर्टचा क्रमांक (इथे केबलचा पोर्ट नव्हे, तर नॅसचे पान ज्या क्रमांकावर उघडते तो) लिहावा: सिनॉलॉजीसाठी मूळ क्रमांक ५००० असतो, क्यूनॅपसाठी ८०८०. नॅसचे पान उघडले, तर पहिली तपासणी झाली.

दुसरी तपासणी बहुतेक लोक टाळतात आणि तीच खरी आहे. नॅस बंद करावे, राउटर बंद करावा, मग राउटर चालू करून सर्व फोन त्याला जोडले जाऊ द्यावेत आणि सर्वांत शेवटी नॅस चालू करावे. वीज परत आल्यावर जे घडते तेच हे आहे. इतके होऊनही नॅस २० वरच आले, तर काम पक्के झाले.

९. राउटरमध्ये ही सोयच नसेल तर

काही कंपन्यांच्या पेट्यांमध्ये राखीव पत्त्याचा भाग बंद केलेला असतो. अशा वेळी नॅसमध्येच पत्ता लिहावा लागतो. इथे एक नियम मोडून चालत नाही: हाताने लिहिलेला पत्ता पुलाच्या बाहेरचाच असला पाहिजे. राउटरला या पत्त्याची काहीच कल्पना नसते. तो पुलातला असेल तर राउटर तोच पत्ता एखाद्या पाहुण्याच्या फोनला देऊन टाकतो आणि दोन उपकरणे एकाच पत्त्यावर येतात. मग नॅस मध्येच चालते, मध्येच तुटते, आणि हा बिघाड पकडणे फार कठीण जाते.

सिनॉलॉजीवर कंट्रोल पॅनेल, नेटवर्क, नेटवर्क इंटरफेस या क्रमाने जाऊन वापरातला लॅन पोर्ट निवडावा, ‘एडिट’ दाबावे आणि ‘यूज मॅन्युअल कॉन्फिगरेशन’ हा पर्याय घ्यावा. क्यूनॅपवर ‘नेटवर्क अँड व्हर्च्युअल स्विच’मध्ये हीच सोय आहे. भरायच्या चार गोष्टी अशा:

• आयपी पत्ता: १९२.१६८.०.२०
• सबनेट मास्क: २५५.२५५.२५५.०
• गेटवे: १९२.१६८.०.१, म्हणजे राउटरचा पत्ता
• डीएनएस सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून आकडी पत्ते सांगणारी यंत्रणा: पुन्हा राउटरचाच पत्ता, किंवा ८.८.८.८ अथवा १.१.१.१

चौथी जागा रिकामी राहिली तर काय होते, ते सांगणे गरजेचे आहे, कारण हा दोष लवकर लक्षात येत नाही. घरातून नॅस व्यवस्थित उघडते, फाइली चढतात-उतरतात, सगळे ठीक वाटते. पण नॅसला बाहेरच्या जगातली नावे उलगडता येत नाहीत, त्यामुळे सुरक्षेची अद्ययावत आवृत्ती येत नाही, घड्याळ जुळवले जात नाही आणि डिस्क बिघडू लागल्याची सूचना ईमेलने येणे बंद होते. नेमकी जी सूचना वेळेवर यायला हवी, तीच येत नाही. म्हणून जतन केल्यावर नॅसवरून नवी आवृत्ती तपासण्याचे बटण एकदा दाबून पाहावे. उत्तर आले तर गेटवे आणि डीएनएस दोन्ही बरोबर आहेत.

जतन करताच ब्राउझरमधले पान अडकून पडेल. पत्ता बदलल्यामुळे तसे होणारच. नवा पत्ता टाकून पान पुन्हा उघडावे.

रास्पबेरी पायवर स्वतःचे नॅस बनवणाऱ्यांसाठी एक इशारा आहे. रास्पबेरी पाय ओएसची २०२३ मध्ये आलेली ‘बुकवर्म’ आवृत्ती नेटवर्क मॅनेजर वापरते, तर त्याआधीच्या आवृत्त्यांत डीएचसीपीसीडीच्या फाइलमध्ये बदल करावा लागे. जुन्या लेखांतली कृती नव्या आवृत्तीवर केली तर काहीच होत नाही. ओपनमीडियाव्हॉल्ट वापरत असाल तर पत्ता त्याच्या नियंत्रण पानावरूनच द्यावा, फाइलींना हात लावू नये.

१०. जुने दुवे नव्या पत्त्यावर आणा

नॅस नव्या पत्त्यावर गेले, तरी घरातली उपकरणे अजून जुन्याच पत्त्यावर जात असतात. विंडोजवर मॅप केलेला ड्राइव्ह काढून टाकून नव्या पत्त्याने पुन्हा मॅप करावा. पासवर्ड पुन्हा विचारला जाईल, कारण तो जुन्या पत्त्याच्या नावे साठवलेला असतो. टीव्हीवरच्या कोडी किंवा व्हीएलसीमधले फोल्डर, स्कॅनरच्या पत्तापुस्तकातली नोंद, फोनवरचे फोटो चढवणारे ॲप आणि दुसऱ्या संगणकावरचा बॅकअप या सर्व ठिकाणी नवा पत्ता भरावा. मॅक आणि अलीकडचे विंडोज नॅस नावाने शोधू शकतात आणि तिथे नाव वापरायला हरकत नाही, पण स्कॅनर आणि जुने टीव्ही आकड्यांवरच विसंबून असतात.

सुरक्षित जोडणीने, म्हणजे सिनॉलॉजीवर ५००१ या पोर्टने, पान उघडल्यास ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल सावध करतो. नॅसचे प्रमाणपत्र आकडी पत्त्यासाठी काढलेले नसते, म्हणून हा इशारा येतो. घरातल्या जाळ्यावर, स्वतःच्याच नॅसचा पत्ता स्वतः टाकला असेल, तर पुढे जाण्यास हरकत नाही.

११. पत्ता कायमचा झाला म्हणून दार उघडू नका

आतला पत्ता स्थिर झाला की पुढचे पाऊल म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून, परदेशातल्या मुलांना फोटो पाहता यावेत यासाठी नॅस इंटरनेटवर उघडे करण्याचा मोह होतो. तसे करू नये, असे माझे ठाम सांगणे आहे. जून २०२१ मध्ये इंटरनेटवर उघड्या असलेल्या ‘माय बुक लाइव्ह’ या वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या उपकरणांतली माहिती बाहेरून पुसली गेली. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रणालीने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅपची उपकरणे गाठून फाइली कुलूपबंद केल्या, आणि कंपनीला ग्राहकांना पोर्ट फॉरवर्डिंग व यूपीएनपी बंद करण्याचे आवाहन करावे लागले. राउटरमधले यूपीएनपी तुमच्या नकळत असे दार उघडू शकते, तेव्हा ते आजच बंद करावे.

भारतातल्या अनेक जोडण्यांवर पोर्ट फॉरवर्डिंग मुळात चालतही नाही. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा, म्हणजे ‘वॅन’चा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी दिसला, तर इंटरनेट पुरवणाऱ्याने एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. बाहेरून प्रवेश हवाच असेल तर टेलस्केलसारखी व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीची, व्यवस्था वापरावी. तिला पोर्ट उघडावा लागत नाही.

१२. राउटर बदलला आणि नॅस सापडेनासे झाले तर

कंपनी बदलली की राउटर बदलतो आणि बहुधा जाळ्याचे आकडेही बदलतात. पत्ता राउटरमध्ये राखलेला असेल तर फारसे बिघडत नाही: नॅस नव्या राउटरकडून कोणता तरी पत्ता घेते, ते शोधून सापडते आणि सातवी पायरी पुन्हा करावी लागते. पत्ता नॅसमध्ये हाताने लिहिलेला असेल तर मात्र नॅस १९२.१६८.०.२० वर बसून राहते, नवा राउटर १९२.१६८.१ चे पत्ते वाटत असतो, आणि दोघांची गाठ पडत नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे नव्या राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून जुन्या राउटरसारखा, म्हणजे १९२.१६८.०.१ करणे आणि पूल १०० ते १९९ ठेवणे. मग नॅस, टीव्ही, स्कॅनर यांत काहीच बदलावे लागत नाही.

राउटरमध्ये तो बदल करता येत नसेल, तर लॅपटॉपचे वायफाय बंद करून तो जास्तीच्या केबलने थेट नॅसला जोडावा. लॅपटॉपच्या लॅन जोडणीला हाताने १९२.१६८.०.५० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्यावा. गेटवेची जागा रिकामी ठेवावी. आता १९२.१६८.०.२० वर नॅसचे पान उघडेल. तिथे पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय निवडून जतन करावे, नॅस राउटरला जोडावे आणि लॅपटॉपची जोडणीही पुन्हा ‘आपोआप’वर आणावी. ही शेवटची गोष्ट राहिली तर लॅपटॉपला केबलवरून इंटरनेट मिळत नाही.

जुना पत्ताच आठवत नसेल तर शेवटचा मार्ग नॅसमागच्या रीसेट बटणाचा आहे. सिनॉलॉजीवर नॅस चालू असताना ते बटण सुमारे ४ सेकंद, म्हणजे एक ‘बीप’ ऐकू येईपर्यंत, दाबून लगेच सोडावे. क्यूनॅपवर हेच ३ सेकंदांचे काम आहे. याने पत्ता पुन्हा आपोआप घेतला जाऊ लागतो आणि प्रशासकाचा पासवर्ड नव्याने ठरवावा लागतो. फाइलींना धक्का लागत नाही. बीप झाल्यावर बटण दाबून धरू नये किंवा लगोलग दुसऱ्यांदा दाबू नये. सिनॉलॉजीवर दुसऱ्यांदा दाबल्यास नॅसची प्रणाली नव्याने बसवण्याची प्रक्रिया सुरू होते, आणि क्यूनॅपवर १० सेकंद धरून ठेवल्यास सर्व मांडणी मूळ स्थितीत जाते.